घट्ट वेणी, ओला अंबाडा: केस तुटतात कसे आणि विरळ होतात कसे

कंगव्यात अडकलेले केस एकेक करून उजेडात धरले, तर त्यांत दोन प्रकार दिसतात. काही केसांच्या एका टोकाला खसखशीच्या दाण्याहूनही लहान, पांढरट गाठ असते. काहींना ती नसते. त्यांची दोन्ही टोके नुसतीच असतात आणि एखादे टोक कुंचल्यासारखे पिंजलेले असते. पहिला केस मुळाशी सुटून आलेला असतो, दुसरा मध्येच कुठेतरी तुटलेला. बोलताना दोन्हींना ‘केस गळतात’ असेच म्हटले जाते. पण गळणे आणि तुटणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांची जागा वेगळी, कारणे वेगळी आणि भरून येण्याची शक्यताही वेगळी.

केस बांधण्याच्या सवयींचा विचार करताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. ओले केस बांधण्याचा त्रास मुख्यतः केसाच्या तंतूला होतो, म्हणजे तो तुटतो. घट्ट बांधण्याचा त्रास मुख्यतः मुळीला होतो, म्हणजे केस विरळ होत जातात. मराठी घरांत ‘ओले केस बांधू नकोस’ ही ताकीद बहुतेक मुलींनी ऐकलेली असते. घट्ट वेणीबद्दल मात्र उलटेच सांगितले जाते, की वेणी घट्ट घातली की केस लांब होतात. या दोन सवयींपैकी कायमचे नुकसान करू शकते ती दुसरी.

मुळी जिवंत, तंतू निर्जीव

डोक्यावर दिसणारा केस नखासारखाच निर्जीव असतो. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. म्हणून कात्री लावली तरी दुखत नाही. केसाचा जिवंत भाग त्वचेच्या आत काही मिलिमीटर खोल असतो. तिथे एका चिंचोळ्या पिशवीच्या तळाशी पेशी सतत वाढतात, वर ढकलल्या जातात, कडक होतात आणि मरतात. या पिशवीला केशकूप म्हणतात. नेहमीच्या बोलण्यातली ‘केसाची मुळी’ ती हीच. डोक्यावर असे सुमारे एक लाख केशकूप असतात आणि प्रत्येकातून केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो.

ही वाढ अखंड चालत नाही. केशकूप दोन ते सहा वर्षे काम करतो, मग दोन-तीन आठवड्यांत आक्रसतो आणि सुमारे तीन महिने विश्रांती घेतो. त्यानंतर जुना केस सुटतो आणि त्याच जागी नवा उगवू लागतो. रोज पन्नास ते शंभर केस असे गळणे स्वाभाविक आहे. त्यांच्या टोकाची पांढरी गाठ पाहून ‘केस मुळासकट उपटून आला, आता तिथे पुन्हा उगवणार नाही’ अशी भीती अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे. ती गाठ म्हणजे पिकल्या पानाचा देठ. पान देठासकट गळले तरी फांदी शाबूत राहते, तशी मुळी त्वचेत शाबूत असते.

तुटलेल्या केसाची गोष्ट निराळी. त्याची मुळी काम करत असते आणि केस वाढतही असतो, पण तो लांबी धरू शकत नाही. ‘माझे केस खांद्याच्या खाली वाढतच नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा वाढीची नसते. वरून वाढणाऱ्या केसाची खालून तितकीच मोडतोड चाललेली असते.

कौले आणि काथ्या

तंतू तुटतो कसा हे समजण्यासाठी त्याची बांधणी पाहावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली केसाचा पृष्ठभाग कौलारू छपरासारखा दिसतो. पातळ, चपटे, पारदर्शक खवले एकावर एक चढवलेले असतात, आणि त्यांची तोंडे मुळाकडून टोकाकडे वळलेली असतात. मुळापाशी अशा खवल्यांचे सहा ते दहा थर असतात. सर्वांत वर तेलकट पदार्थाचा अतिशय पातळ लेप असतो. तो पाणी झटकतो आणि शेजारच्या केसाशी घर्षण कमी ठेवतो. केस वरून खाली चोळला तर गुळगुळीत लागतो आणि खालून वर चोळला तर खरखरीत, याचे कारण या कौलांच्या दिशेत आहे.

कौलांच्या आत गाभा असतो. केसाची सगळी ताकद या गाभ्यात असते. केराटिन नावाच्या प्रथिनाच्या लांब साखळ्या एकमेकींभोवती पिळून बारीक दोरे होतात, दोऱ्यांच्या पुन्हा जुड्या होतात. काथ्याचा सुंभ वळून दोरखंड करावा तशी ही रचना आहे. साखळ्यांना एकत्र धरून ठेवणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे. गंधकाचे बंध संख्येने कमी, पण मजबूत असतात. पाण्याने ते सुटत नाहीत, स्ट्रेटनिंगसारख्या रासायनिक प्रक्रियेने सुटतात. हायड्रोजन बंध असंख्य असतात आणि एकेकटे दुबळे. पाणी लागले की ते सुटतात आणि पाणी उडाले की पुन्हा जुळतात.

या बांधणीमुळे एक निरोगी केस शंभर ग्रॅमच्या आसपास वजन पेलू शकतो. पण ही ताकद सगळ्या लांबीवर सारखी नसते. दोन फूट लांब वेणीचे शेवटचे टोक सुमारे पाच वर्षांपूर्वी डोक्याच्या त्वचेतून बाहेर आलेले असते. पाच वर्षांचे नहाणे, ऊन, उशी, कंगवा आणि रबर त्याने सोसलेले असतात. तिथली कौले झिजून उडालेली असतात, गाभा उघडा पडतो आणि त्याचे दोरे सुटे होतात. केसाला फाटे फुटतात ते असे. मध्येच कुठे कौले उडाली, तर त्या जागी गाभा पिंजून बारीक गाठ दिसते आणि केस नेमका तिथे मोडतो.

ओल्या केसात काय घडते

पावसाळ्यात लाकडी दार फुगते आणि चौकटीत अडकते. केसाचेही तसेच होते. भिजलेला केस आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी शोषू शकतो. तो जाडीत साधारण पंधरा टक्के फुगतो, लांबीत मात्र जेमतेम एक-दोन टक्के वाढतो. आतला गाभा फुगला की वरच्या कौलांच्या कडा उचलल्या जातात. केस वाळला की कौले खाली बसतात, पण दर वेळी अगदी पहिल्यासारखी बसतातच असे नाही.

दुसरा बदल गाभ्यात होतो. पाण्याने हायड्रोजन बंध सुटले की केस मऊ होतो आणि थोड्या ओढीनेही ताणला जातो. ओला लोकरी स्वेटर तारेवर टांगला तर आपल्याच वजनाने लोंबून लांब होतो, हे पुष्कळांनी पाहिलेले असते. लोकर आणि माणसाचा केस दोन्ही केराटिनचेच, म्हणून दोन्हींचे वागणेही एकाच प्रकारचे. थोडा ताणलेला ओला केस सोडला की पूर्ववत होतो. मूळ लांबीच्या सुमारे तीस टक्क्यांपलीकडे ताणला गेला, तर त्याची आतली बांधणी कायमची बिघडते. कोरड्या केसाला तिथपर्यंत ओढायला जोर लावावा लागतो. ओल्या केसाला गुंत्यात अडकलेला कंगवा एका हिसक्यात तिथे नेऊन पोचवतो.

म्हणून न्हाऊन आल्याबरोबर बारीक फणीने खसाखसा विंचरणे सरळ आणि किंचित लाटदार केसांना मानवत नाही. भारतात बहुतेकांचे केस याच प्रकारचे आहेत. अगदी कुरळ्या केसांचा नियम मात्र उलटा आहे. कोरडे असताना त्यांच्या वळ्या एकमेकींत अडकून बसतात, त्यामुळे ते ओले आणि कंडिशनर लावलेले असताना बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने सोडवणे कमी हानीचे ठरते. न्हाल्यानंतर केस पुढे घेऊन पंचाने झटकण्याची पद्धतही हानिकारक आहे. ओल्या केसांची उचललेली कौले त्या प्रत्येक फटक्याने घासली जातात. पंचा नुसता दाबून पाणी टिपणे पुरेसे असते.

ओले केस बांधले की

सकाळी सहाला नहाणे, साडेसहाला अंबाडा, सातची लोकल. शहरातल्या कितीतरी स्त्रियांचा दिवस असा सुरू होतो, आणि ओले केस बांधण्यामागे निष्काळजीपणापेक्षा वेळेची टंचाई असते. अशा अंबाड्याचा बाहेरचा थर लवकर वाळतो. आतले पेड मात्र एकमेकांवर गुंडाळलेले असल्याने त्यांना वारा लागत नाही. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ते संध्याकाळपर्यंत ओलसर राहू शकतात. म्हणजे केस दिवसभर फुगलेला, मऊ आणि ताणलेला राहतो.

यात तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली, रबर किंवा आकडा जिथे रुततो, तिथे मऊ झालेला केस चेपतो आणि मुडपतो. केस वाळताना हायड्रोजन बंध त्याच मुडपलेल्या अवस्थेत पुन्हा जुळतात. रात्रभर ओली वेणी ठेवली की सकाळी केस कुरळे दिसतात, त्यामागे हेच कारण आहे. कुरळेपणा पुढच्या नहाण्याला जातो, पण रोज त्याच ठिकाणी रबर बसले तर रोज त्याच ठिकाणी केस चेपला जातो. काही महिन्यांनी तिथे आखूड, तुटके केस उभे राहिलेले दिसतात. दुसरी गोष्ट, ओले केस एकमेकांना चिकटून असल्यामुळे हालचालीबरोबर त्यांच्या उचललेल्या कौलांत घर्षण होते. तिसरी, पाण्याचा सहवास लांबतो. केसाच्या पेशींना सांधणारा चिकट थर वारंवार फुगून-आक्रसून आणि बराच वेळ ओला राहून सैल होतो.

या तिसऱ्या मुद्द्याला एका प्रयोगाने अनपेक्षित पुष्टी मिळाली. २०११ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी केसांच्या बटा वारंवार धुऊन वेगवेगळ्या प्रकारे वाळवल्या. हेअर ड्रायर अगदी जवळ धरला तेव्हा कौलांचे सर्वाधिक नुकसान झाले, हे अपेक्षितच होते. पण पेशींमधल्या त्या सांधणाऱ्या थराचे नुकसान आढळले ते आपोआप वाळू दिलेल्या बटांत. पंधरा सेंटिमीटर अंतरावरून, सतत हलता ठेवलेला कोमट झोत त्यांना त्यामानाने सौम्य वाटला. एका प्रयोगावरून सगळ्यांनी ड्रायर घ्यावा असे म्हणता येत नाही. मात्र केस फार वेळ ओले राहू नयेत, या जुन्या सांगण्याला त्यातून आधार मिळतो. न्हाऊन केस मोकळे सोडून कोवळ्या उन्हात बसण्याच्या रिवाजात आणि बाळंतिणीचे केस धुरीवर वाळवण्याच्या पद्धतीत ही समज होती.

घाई म्हणून ओल्या केसांवर तापलेली इस्त्री किंवा कर्लिंगची कांडी फिरवणे मात्र सर्वांत वाईट. गाभ्यातल्या पाण्याची एकदम वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि केसाच्या आत बुडबुडे तयार होतात. असा केस पोकळ काडीसारखा मोडतो. सव्वाशे अंशांची कांडी मिनिटभर टेकली तरी हे घडू शकते.

ओल्या अंबाड्याबद्दल एक समज बराच प्रचलित आहे. ओला केस वाळताना आखडतो आणि मुळाला जोरात ओढतो, असे सांगितले जाते. आकडे पाहता हा परिणाम किरकोळ ठरतो. लांबीतला फरक एक-दोन टक्क्यांचाच, शिवाय वाळताना केस बारीक होत असल्याने बांधणी थोडी सैलच पडते. ओलेपणाचा मुख्य मार तंतूवर आहे. मुळाला धोका वेगळ्या दिशेने येतो.

बुरशी आणि जट

डोक्याच्या त्वचेवर मॅलॅसेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्याच असते. तिला तेलकटपणा आणि ऊब-ओल मानवते. ज्यांना कोंड्याची प्रवृत्ती आहे, त्यांनी ओले केस तासन्‌तास बांधून ठेवणे म्हणूनच टाळलेले बरे. याहून वेगळा विकार म्हणजे पांढरा पायड्रा. यात बुरशीचे मऊ, पांढरट-पिवळसर कण केसाच्या तंतूवर मण्यांसारखे चिकटतात आणि त्या जागी केस मोडतो. लांब केस ओलेच बांधणाऱ्या किंवा ओल्या केसांवर सतत पदर-ओढणी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये तो भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवला आहे. पुष्कळदा तो उवांच्या लिखा समजून दुर्लक्षिला जातो. लीख केसाच्या एका बाजूला चिकटते, पायड्राचा कण केसाभोवती गुंडाळलेला असतो.

गुंता महिनोन्‌महिने सोडवलाच नाही, तर जट तयार होते. यामागे पुन्हा ती कौलेच आहेत. लोकरीला ओल, दाब आणि घर्षण दिले की तिचे तंतू एकमेकांत सरकत जातात, पण कौलांच्या दिशेमुळे मागे फिरू शकत नाहीत, आणि लोकरीचा नमदा होतो. न विंचरलेले, घामाने-पाण्याने ओलसर राहणारे केस अंबाड्यात दाबले गेले की त्यांचाही नमदा होतो. यात दैवी काही नाही. महाराष्ट्रात आणि शेजारच्या कर्नाटकात जट म्हणजे देवीचे बोलावणे मानून ती न कापण्याचा धाक घालण्यात आला आणि मुलींना देवाला सोडण्यापर्यंत मजल गेली. वाढत्या जटेचे वजन मान आणि डोक्याची त्वचा सतत ओढत राहते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी शेकडो स्त्रियांचे मन वळवून त्यांच्या जटा कापल्या आहेत. त्यानंतर मान हलकी झाली, झोप लागू लागली, असे त्या स्त्रिया सांगतात.

मुळाला बसणारी ओढ

जनावराला जाड दाव्याने खुंट्याला बांधले आणि ते रोज हिसके देत राहिले, तर दावे तुटत नाही, खुंटा हलू लागतो. घट्ट बांधलेल्या केसांत हेच होते. केसाचा तंतू चिवट असल्याने ओढ पूर्णपणे मुळापर्यंत पोचते, आणि ती सोसावी लागते केशकूपाला.

त्याचे परिणाम पायरीपायरीने दिसतात. सुरुवातीला केशकूपाभोवती सूज येते. त्वचा लाल होते, हुळहुळते, काही ठिकाणी बारीक पुटकुळ्या येतात. केसाच्या बुडाशी पांढरट नळीसारखे आवरण दिसू लागते. ते कोंड्यासारखे वाटते, पण केसावरून वरखाली सरकवता येते, आणि ओढ चालू असल्याची ती खूण असते. यानंतर काही केशकूप वेळेआधीच विश्रांतीच्या अवस्थेत जातात. त्यांतले केस सुटतात आणि जागी येणारे नवे केस बारीक, आखूड, फिकट असतात. या टप्प्यावर ओढ थांबली तर मुळी सावरते. थांबली नाही आणि वर्षानुवर्षे चालूच राहिली, तर सुजलेल्या जागी व्रणाचे घट्ट तंतू तयार होतात आणि केशकूप नाहीसा होतो. तिथली त्वचा गुळगुळीत, चकचकीत दिसते. तिथे पुन्हा केस उगवत नाही.

वैद्यकशास्त्रात या विकाराला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात, म्हणजे ओढीने पडलेले टक्कल. त्याची पहिली नोंद विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रीनलंडमधल्या स्त्रियांबद्दल झाली. त्या केस ताणून डोक्यावर घट्ट बांधत आणि त्यांची कपाळालगतची केसांची रेषा मागे हटलेली असे. १९८९ साली भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी शीख पुरुषांमध्ये, घट्ट जुड्यामुळे येणाऱ्या अशाच टकलाचे वर्णन केले. दक्षिण आफ्रिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत प्रौढ कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे ३२ टक्के आणि शाळकरी मुलींपैकी सुमारे १७ टक्के जणींत हा विकार आढळला. तिथे अगदी बारीक, घट्ट वेण्या लहानपणापासून घातल्या जातात. केस सरळ करण्याची रसायने वापरून वर अशा वेण्या घातल्या, तर धोका आणखी वाढतो, हेही त्या अभ्यासांतून पुढे आले.

केशरचना वेगळी तशी विरळपणाची जागा वेगळी. मागे ताणून बांधलेल्या पोनीटेलमध्ये कपाळाची आणि कानशिलांची कडा सोसते. रोज एकाच जागी भांग पाडून दोन बाजूंना ओढलेल्या दोन वेण्यांत भांगाची रेघ रुंदावते. टोपी, बुरखा किंवा गंगावन जागेवर राहावे म्हणून रोज एकाच ठिकाणी आकडे खोचले, तर नेमके तेवढेच ठिकाण विरळ होते. गंगावन आणि हल्लीची एक्स्टेन्शन यांचे वजन त्या त्या पेडातल्या मोजक्या केसांवर येते, म्हणून ती रोज वापरण्याची वस्तू नव्हे. लग्नात एक दिवस घातलेल्या भरगच्च अंबाड्याची चिंता करण्याचे मात्र कारण नाही. केशकूप एखाद्या दिवसाची ओढ विसरतो, रोजची विसरत नाही.

घट्ट वेणीने केस वाढतात हा समज कुठून आला असावा, याचा अंदाज बांधता येतो. वेणीतले केस वाऱ्याने गुंतत नाहीत, खांद्याशी आणि उशीशी घासत नाहीत, म्हणून कमी तुटतात आणि लांबी टिकते. हा फायदा वेणीचा आहे, घट्टपणाचा नाही. सैल वेणीही तो तितकाच देते. केस वाढतो तो त्वचेच्या आत. बाहेरून ओढल्याने त्या वाढीला वेग येत नाही.

चौकट: ओढ आहे की दुसरे काही?

कपाळाची, कानशिलांची कडा विरळ झाली, पण अगदी पुढे लवेसारख्या बारीक केसांची झालर शिल्लक आहे: ओढीचे लक्षण. ते आखूड केस बांधणीत सापडत नाहीत, म्हणून वाचतात.

भांग रुंदावतो आहे, मात्र कपाळाची कडा जशीच्या तशी आहे: आनुवंशिक विरळपणाची शक्यता अधिक.

रुपयाच्या नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा अचानक पडला: चाई. तिचा केस बांधण्याशी संबंध नाही.

बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून मूठमूठ केस जातात: बहुतेक वेळा तात्पुरती गळती. लोहाची कमतरता आणि थायरॉइड तपासून घ्यावे.

कंगव्यात आखूड, गाठ नसलेले तुकडे जास्त: केस तुटत आहेत. नहाणे, विंचरणे, रबर आणि उष्णता यांकडे पाहावे.

तेलाचे काम किती?

ओल्या केसांच्या बाबतीत नारळतेलाला एक खरा आधार आहे. २००३ साली मुंबईतील मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. नहाण्याच्या आधी किंवा नंतर लावल्यास केसातून धुऊन जाणारे प्रथिन लक्षणीय कमी झाले ते फक्त खोबरेलाने. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे वाचकाने लक्षात ठेवावे. तरी त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. तिथे तो जागा अडवतो, त्यामुळे पाणी कमी शिरते आणि केस कमी फुगतो. नहाण्याआधी तेल लावण्याची आजीची पद्धत या अर्थाने योग्यच होती.

मात्र हे सगळे काम तंतूचे आहे. ओढीने सुजलेल्या मुळीला तेल बरे करत नाही. तेल चोपडून केस चापूनचोपून घट्ट बांधले, तर कारण तसेच राहते आणि विरळपणा वाढतच जातो.

काय बदलावे

ओलेपणाचे उपाय सोपे आहेत. शक्य असेल तर न्हायचे ते रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, म्हणजे केसांना वाळायला वेळ मिळतो. घाईच असेल तर पाणी नीट टिपून केस मोकळे किंवा सैल क्लिपमध्ये ठेवावेत आणि कामाच्या ठिकाणी पोचल्यावर बांधावेत. विंचरताना टोकाकडून सुरुवात करून हळूहळू वर जावे, म्हणजे गुंते खाली एकत्र दाटत नाहीत. पुडीला लावायचे साधे रबर केसांना लावू नये. ते कौलांना चिकटते आणि काढताना केस घेऊनच येते. कापडाने मढवलेले रुंद रबर किंवा लोकरीचा गोफ बरा. तुटलेला तंतू सांधता येत नाही, त्याचे फाटलेले टोक कापणे एवढाच मार्ग. पण मुळी निरोगी असल्याने वर्षभरात दहा-बारा सेंटिमीटर नवा, धडधाकट केस मिळतो.

ओढीचा उपाय म्हणजे ओढ थांबवणे. दुसरा कोणताही उपाय त्याआधी लागू पडत नाही. वेणी मानेच्या जवळ आणि सैल घालावी, भांगाची जागा दर काही दिवसांनी बदलावी, उंच पोनीटेल आणि खाली सोडलेली वेणी आलटूनपालटून असावी आणि झोपताना सगळे सोडून टाकावे. घट्टपणा ओळखण्याची साधी खूण म्हणजे, केस बांधल्यावर भुवया उंचावल्या असता कपाळ ताणल्यासारखे वाटू नये. केस सोडल्यावर डोके हलके वाटत असेल, तर ते बांधलेले असताना ओढ होती. घट्ट पोनीटेलने होणारी डोकेदुखी डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही स्वतंत्रपणे नोंदलेली आहे.

विरळपणा नवा असेल तर ओढ थांबल्यावर काही महिन्यांत बारीक केस दिसू लागतात. सूज किंवा पुटकुळ्या असतील, किंवा तीन-चार महिन्यांत फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. सूज उतरवणारी औषधे आणि काही वेळा मिनॉक्सिडिल त्यांच्या सल्ल्याने वापरता येते. व्रण तयार झाल्यावर मात्र औषधे निरुपयोगी ठरतात आणि केसांचे प्रत्यारोपण एवढाच पर्याय उरतो.

या सगळ्यात सर्वांत जपण्याजोग्या आहेत त्या लहान मुली. त्यांचे केस बारीक असतात आणि शाळेच्या शिस्तीपायी रिबिनीने दुमडलेल्या दोन कडक वेण्या दहा-दहा वर्षे घातल्या जातात. नीटनेटकेपणासाठी वेणी लागते, ती कडक असण्याची गरज नाही. शाळांनीही एवढे समजून घ्यावे. दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासांत वेणी घालताना दुखणे आणि त्यानंतर पुटकुळ्या येणे, या दोन गोष्टी पुढच्या टकलाशी जोडलेल्या आढळल्या. केसाला वेदना होत नाही, दुखते ती मुळी. म्हणून सकाळच्या घाईत मुलगी ‘आई, दुखतंय’ म्हणाली, तर तिला गप्प न करता ती वेणी सोडावी आणि पुन्हा सैल घालावी.